जुन्या पांढरवळीची खेप

कारवीखोरे तालुक्यात, ज्या जमिनीची माती टायराला आधी दाखवलेली नसेल, त्या जमिनीवर तो टायर चढत नाही. ही गोष्ट तिथे सर्वांना ठाऊक असल्यामुळे तिच्याविषयी कोणी बोलत नाही. बदली होऊन येणारे अधिकारी तेवढे पहिल्या दिवशी अडकतात. त्यांची गाडी हद्दीवरच्या पाटीशी, डांबर संपते तिथे, येते, इंजिन चालू राहते आणि चाके उभी राहतात. मग साहेब खाली उतरतात, रस्त्याकडेची मूठभर माती उचलतात, ती प्रत्येक चाकापुढे धरतात आणि, कोणी शिकवलेले नसतानाही, किंचित वाकतात. गाडी चालू लागते. साहेब कामावर रुजू होतात.

या नियमाला दोन पोटनियम आहेत आणि तेही सर्वमान्य आहेत. एक म्हणजे, दाखवलेली माती परत घेता येत नाही. माती दाखवणे हे शब्द देण्यासारखे आहे. त्या जमिनीवर टायराला एकदा तरी न्यावेच लागते. दुसरा असा की, जी माती सर्वांत शेवटी दाखवली असेल, तिथे टायर सर्वांत आधी जातो. म्हणून शहाणा माणूस आपल्या दारची माती शेवटी दाखवतो. नव्या टायरांवर गाडी दुकानातून निघते ती सरळ दाराशी येते, घरची बाई चाकांवरून भाकरतुकडा ओवाळून टाकते, आणि दुसऱ्या दिवसापासून गाडी कुठेही जायला मोकळी होते.

हिंदुराव शेलार हे असेच शहाणे गृहस्थ होते. धरणात गाव गेल्यावर माळावर वसवलेल्या नव्या पांढरवळीत पिकअप गाडी काय ती त्यांचीच. सकाळ-संध्याकाळ वरच्या सड्यावरील, डोंगरमाथ्यावरच्या धनगरवाड्यातून दुधाचे कॅन उतरवावेत, दुपारी पेंडीची पोती चढवावीत, बाजारच्या दिवशी मागच्या हौद्यात माणसे घेऊन वडाप करावे, असा त्यांचा धंदा होता. धनगरवाड्याला दुसरी गाडी जात नसे. पिकअप थांबली तर दूध सड्यावरच नासणार, हे हिंदुराव जाणून होते. त्यामुळे ताप अंगात असतानाही त्यांनी कधी खेप चुकवली नव्हती.

एक सवय मात्र त्यांना होती. धरणाच्या भिंतीजवळ रस्ता वळतो आणि डाव्या हाताला सगळा जलाशय एकदम दिसतो. त्या वळणावर हिंदुराव डॅशबोर्डवरच्या काट्यांकडे पाहत. वेग किती, डिझेल किती, इंजिनाचा ताप किती, याची ते तिथे बारकाईने चौकशी करीत आणि पाणी मागे पडले की मान वर उचलीत.

त्याला कारण होते. गाव उठले तेव्हा हिंदुराव तरुण होते आणि सामान हलवण्याच्या ट्रकवर ड्रायव्हर होते. त्यांची थोरली बहीण सोनाक्का वैधव्य आल्यापासून माहेरीच राहत असे. शेवटच्या दिवशी ट्रक गच्च भरला आणि तिचे दगडी जाते तेवढे पडवीत राहिले. ते आईचे जाते होते. सोनाक्का त्याच्याशेजारी उभी राहिली, तेव्हा हिंदुराव म्हणाले होते, "आक्का, बस गाडीत. पुढच्या खेपेला आणतो." पुढच्या खेपेला पाणी वेशीच्या आत आले होते. रखवालदाराने ट्रक मागे फिरवला.

सोनाक्काने त्यावर कधी भांडण केले नाही. ती फक्त ते शब्द विसरली नाही. हिंदुरावांनी बाजारातून मिरच्या आणायच्या विसरल्या तर ती शांतपणे म्हणे, "असू दे, पुढच्या खेपेला आणशील." घराचे पत्रे बदलायचे राहिले, तेव्हा ती तेच म्हणाली. भावजय वारली त्या दिवशी ती काही बोलली नाही. परंतु तेराव्यानंतर गिरणीचे दळण आणले तेव्हा पिठाला हात लावून, हे जळके लागते, एवढे म्हणाली आणि चुलीपुढे जाऊन बसली. आता तिची ऐंशी उलटली होती.

यंदा पिकअपचे टायर झिजून अगदी गोटा झाले. सड्याच्या चढावर एकदा गाडी मागे घसरली, दुधाचा एक कॅन सांडला, आणि हिंदुरावांनी नवे टायर घेण्याचे ठरवले. डांबर सर्व टायरांना जन्मतः ठाऊक असते. बाकीच्या मातीचा प्रश्न होता. त्यांनी सड्यावरची तांबडी माती घेतली, डेअरीच्या आवारातला मुरूम घेतला, नदीची वाळू आणि शेतातली काळी घेतली, व प्रत्येकीची वेगळी पुरचुंडी बांधली. निघताना ते सोनाक्काला म्हणाले, "आक्का, आपल्या दारची तेवढी मूठभर बांधून दे. शेवटी दाखवायची आहे." सोनाक्का आत गेली. बाहेर आली तेव्हा तिच्या हातात हिरव्या खणाच्या तुकड्यात बांधलेली पुरचुंडी होती. हिंदुरावांनी ती वरच्या खिशात ठेवली.

बाबालाल आत्तारांचे दुकान एसटी स्टँडच्या पाठीमागे आहे. टायर विकताना ते घाई करीत नाहीत. गिऱ्हाईक कोणत्या जमिनीवर किती वेळ असते, ओझे किती वाहते, ब्रेक उतारावर दाबते की उताराआधी, हे सर्व विचारून झाल्यावरच ते उठतात. हिंदुरावांनी सर्व उत्तरे दिली. मग बाबालालनी एक टायर आणून मधोमध उभा केला. त्याची नक्षी बारीक, सरळ रेघांची होती. हा डांबरावर पाण्यासारखा पळेल, आवाजसुद्धा करणार नाही, असे ते म्हणाले. परंतु त्याच्यापुढे तांबडी माती ठेवताच तो हळूच मागे सरकला आणि भिंतीला टेकून उभा राहिला.

"शहरातला आहे," बाबालाल म्हणाले, आणि त्याला जागेवर नेऊन ठेवले.

दुसरा टायर मोठमोठ्या ठोकळ्यांचा होता. काळी माती पाहून तो आनंदाने पुढे झाला. वाळू दिसताच कडेला लवंडला. शिवाय, डांबरावर हा इतका घुमेल की शेजारी बसलेल्या माणसाचे बोलणे ऐकू येणार नाही, असा इशारा बाबालालनी दिला. आपल्या शेजारी बहुतेक वेळा आक्का बसते, तेव्हा हा दोष धरू नये, असे हिंदुराव म्हणाले. बाबालाल हसले, पण त्यांनी तो टायर उचललाच.

तिसरा आणायला त्यांना थोडा वेळ लागला. कंपनीच्या माणसाने त्याचे इंग्रजी नाव सांगितले होते; बाजाराने त्याला 'सर्वभूमी' म्हणायला सुरुवात केली होती. त्याची नक्षी ना फार बारीक, ना फार उघडी. फटी अशा कापल्या होत्या की खडा आत शिरला तरी अडकून राहणार नाही. बाजू जाड होत्या. खडकाची धार लागली तरी फाटू नयेत. डांबरावर तो थोडा बोलेल, पण ओरडणार नाही. बाबालालनी त्याच्यापुढे तांबडी माती ठेवली, मग मुरूम, मग वाळू, मग काळी. टायर हलला नाही. जाणता माणूस पंचायतीत सर्वांचे ऐकून घेत बसावा, तसा तो उभा राहिला.

"हा ऐकून घेतो," बाबालाल म्हणाले. "पण दादा, एक लक्षात ठेवा. याला सगळी जमीन सारखी. तुम्ही दाखवाल तिथं हा जाणार. हा मागं सरायचा नाही, तुम्हालाच सरावं लागंल."

हिंदुरावांना तो पसंत पडला. चार चाकांचे चार आणि स्टेपनीचा एक, असे पाच टायर एका ओळीत उभे केले गेले. कारण स्टेपनीला कोणत्याही चाकाची जागा घ्यावी लागते, तेव्हा तिच्यापासून काही लपवून चालत नाही. पहिल्या चार मातींचे दर्शन रीतसर पार पडले. शेवटी हिंदुरावांनी खिशातून हिरवी पुरचुंडी काढली आणि दारची माती म्हणून ती प्रत्येकापुढे थोडी थोडी ठेवली. माती पांढुरकी होती, राखेसारखी मऊ. आक्काने तुळशीजवळची खरवडली असावी, असे त्यांनी मनाशी धरले.

पाचही टायर पुढे आले. कोणी ढकलले नाही. ते मातीपाशी येऊन थांबले, बैल पाण्याला तोंड लावतो तसे किंचित झुकले, आणि पुन्हा सरळ झाले तेव्हा फरशीवर मातीचा कण राहिला नव्हता. बाबालालनी डोक्यावरची टोपी काढली व पुन्हा घातली.

"दादा," ते म्हणाले, "तुमचं दार लई मोठं दिसतंय."

टायर चढवले, नट आवळले, हवा भरली. पिकअप उत्तम चालली. खड्ड्यातून जाताना स्टिअरिंगला धक्का येत नव्हता, आणि हिंदुराव मनातल्या मनात संध्याकाळच्या दुधाच्या खेपेची आखणी करू लागले. धरणफाट्यावर उजवीकडचा रस्ता नव्या पांढरवळीला जातो आणि डावीकडचा जलाशयाकडे. हिंदुरावांनी स्टिअरिंग उजवीकडे वळवले. पिकअप थांबली.

त्यांनी गिअर बदलला, खाली उतरून चाके पाहिली, पुन्हा बसले. फाट्यावरच्या चहाच्या टपरीवरचे लोक आले. कोणी म्हणाले ढकला, आणि ढकलून पाहिले. एकजण म्हणाला, नवे टायर आणि नवी सून यांना पहिल्या दिवशी बोलू नये. शेवटी हिंदुरावांनी, केवळ गाडी रस्त्याच्या कडेला घ्यावी म्हणून, स्टिअरिंग डावीकडे फिरवले. पिकअप लोण्यासारखी पुढे सरकली. हिंदुरावांनी तत्काळ ब्रेक दाबला आणि काट्याकडे पाहिले.

बाबालालना निरोप गेला. ते स्कूटरवरून आले, पुढच्या चाकाशी उकिडवे बसले आणि बराच वेळ टायराला कान लावून राहिले. मग त्यांनी तो हिरवा खण मागितला. त्याच्या घडीत राहिलेली चिमूटभर माती त्यांनी बोटांवर चोळली, हुंगली.

"ही तुमच्या आत्ताच्या दारची नव्हं, दादा. तिकडं तर सगळा मुरूम हाय. ही पांढरी हाय."

टपरीवरच्या म्हाताऱ्या माणसांनी हे ऐकून हातातले कप खाली ठेवले. शेताची माती ती काळी आणि वस्तीची ती पांढरी, हे त्या सर्वांना माहीत होते. चुलीची राख, भिंतींचे पोपडे, शेणाचे सडे, पिढ्यान्‌पिढ्यांचे जगणे आणि मरणे एका जागी मुरते, तेव्हा कुठे गावाची पांढरी तयार होते. नव्या पांढरवळीला अजून पांढरी नव्हती. तिला नाव होते, पांढरी नव्हती.

सोनाक्काला एका मोटारसायकलवर बसवून आणले गेले. ती उतरली, लुगडे नीट केले आणि पिकअपकडे पाहून म्हणाली की टायर बरे दिसतात.

"आक्का," हिंदुराव म्हणाले, "मी दारची माती मागितली होती."

"मग?"

"ही जुन्या गावची आहे."

"आपल्या दारचीच हाय ती. उंबऱ्याच्या भायेरची. ट्रकात बसताना उचलली हुती." तिने खण त्यांच्या हातातून घेऊन कमरेला खोचला. "नव्या घराच्या दारात तू फरशी घातलीस, हिंद्या. तिथनं माती कुठली आणू? सिमेट खरवडू?"

हिंदुरावांनी बाबालालकडे पाहिले. त्यांनी सांगितले की टायर काढून दुसरे घालता येतील, पण या पाचांना शब्द दिला गेला आहे. तो तसाच राहिला तर तालुक्यात यापुढे कोणताही टायर शेलारांची माती ऐकून घेणार नाही. टायर आपापसांत बोलतात असे ते म्हणाले नाहीत. ते एवढेच म्हणाले की असे पूर्वी एकदा घडले आहे आणि तो गृहस्थ आता घोडा वापरतो. हिंदुरावांच्या डोळ्यांपुढे धनगरवाड्याच्या वळचणीला ओळीने मांडलेले दुधाचे कॅन उभे राहिले. त्यांना पोहता येत नव्हते. जलाशय तुडुंब भरलेला होता, आणि त्यांचे दार त्याच्या तळाशी होते.

"चला तर," सोनाक्का म्हणाली, आणि पुढच्या सीटवर जाऊन बसली.

जलाशयाच्या वाटेवर फाटक आहे. तिथल्या रखवालदाराने त्यांना शाखा अभियंता वैराट साहेबांकडे पाठवले. वैराट साहेब नुकतेच जेवून बसले होते. तालुक्यात येऊन त्यांना बराच काळ लोटला होता, त्यामुळे टायरांचा भाग त्यांना समजावून सांगावा लागला नाही. त्यांनी नकाशा उलगडला आणि फाटकापासून निघून निळ्या रंगात शिरणाऱ्या एका रेघेवर बोट ठेवले.

"हा रस्ता बंद केल्याचा आदेश माझ्या तरी पाहण्यात नाही," ते म्हणाले. "त्यावर पाणी आले, हे खरे. पण पाणी येणे आणि रस्ता बंद होणे या दोन वेगळ्या बाबी आहेत. आपण पाण्यात जाणार आहात काय?"

"न्हाई साहेब," सोनाक्का म्हणाली. "आमच्या दारात जाणार."

"टायर कोणते?"

"सर्वभूमी," हिंदुराव म्हणाले.

वैराट साहेबांनी मान हलवली. "पाणी आमच्या खात्याचे. जमीन आमची नाही. आपले टायर जमिनीचे, आणि आपण जमिनीवरून जाणार. तेव्हा पाण्याशी आपला काही संबंध येत नाही."

"न्हाई."

"म्हणजे पाण्याचाही आपल्याशी येणार नाही." त्यांनी नकाशाची घडी घातली आणि ते स्वतः फाटक उघडायला आले. फाटक वर गेल्यावर ते खिडकीशी वाकले. त्यांचा आवाज आता कचेरीतल्यासारखा राहिला नव्हता. "मी रोज पाण्याची पातळी लिहितो. वरूनच. खाली काय आहे ते मला ठाऊक नाही. परत आलात की सांगाल?"

पुढे रस्ता उतरत जातो. डांबर संपले, खडी लागली, आणि मग समोर पाणीच होते. हिंदुरावांनी सवयीने काट्याकडे पाहिले. सोनाक्का म्हणाली, "वर बघून चालव." त्यांनी वर पाहिले.

पुढची चाके काठाशी गेली आणि थांबली नाहीत. पाणी दुभंगले नाही, उसळलेही नाही. वैराट साहेबांनी जे ठरवले होते ते त्याने मान्य केले, आणि ते वर राहिले. चाकांखाली जमीन होती. तिच्यावर पिकअप होती. आणि टपापासून काही हातांवर, देवळाच्या मंडपासारखे, पाणी सुरू होत होते. नजर जाईल तितके ते वर गेले होते. ऊन त्याच्यातून गाळून खाली येत होते आणि सगळ्या वाटेवर हिरव्या उजेडाच्या जाळ्या हलत होत्या. हिंदुरावांनी काच खाली केली. गारवा आत आला. हवेला ओल्या भिंतीचा वास होता.

टायर एका लयीत चालले होते. गाळावर ते घसरले नाहीत, दगडावर अडखळले नाहीत. वाटेला दोन्ही बाजूंनी आंब्यांचे काळे बुंधे होते, पाने नव्हती. पण फांद्यांमधून माशांचे थवे असे वळत होते की झाडे भरलेलीच वाटत. एक मोठा मासा कितीतरी वर, घारीसारखा, न हलता तरंगत होता. मग अगदी उंचावरून एक लांबट सावली सावकाश गेली. कुणा कोळ्याची होडी असावी. तिच्या वल्ह्यांनी उजेड फुटला आणि पुन्हा जुळला. हिंदुरावांनी स्टिअरिंग दोन्ही हातांनी घट्ट धरले होते. ही भीती असावी अशी त्यांची समजूत होती. परंतु भीतीत माणूस डोळे मिटतो, आणि त्यांना पापणी लववावीशी वाटत नव्हती.

"वेस," सोनाक्का म्हणाली.

वेशीच्या दोन्ही बुरुजांवर शेवाळ आले होते, कमान शाबूत होती. आत मारुतीचे देऊळ, त्यापुढे पार, पाराला वळसा घालून गुरवआळी. छपरे राहिली नव्हती, दारांच्या चौकटी उभ्या होत्या. सोनाक्का प्रत्येक चौकटीपाशी त्या घराचे नाव घेत होती, हळू, हजेरी घ्यावी तशी. हिंदुरावांनी पार ओलांडल्यापासून स्टिअरिंग वळवले नव्हते. पिकअप आपण होऊन वळली, चढली, आणि एका उंबऱ्यापुढे येऊन उभी राहिली. टायरांनी शेवटचा एक श्वास सोडल्यासारखा आवाज केला. शब्द पुरा झाला होता.

दाराबाहेर उंबऱ्यालगत मूठभर मातीएवढा एक खळगा होता. तो बुजलेला नव्हता.

जाते पडवीतच होते. त्याच्यावर गाळ नव्हता की शेवाळ नव्हते. जणू कुणी नुकतेच झाडून ठेवले होते. सोनाक्काने कनवटीची गाठ सोडली. तिच्यात मूठभर जोंधळे होते. निरोप्याची मोटारसायकल दाराशी आली तेव्हाच, एकही प्रश्न न विचारता, तिने ते घेतले होते हे हिंदुरावांना आता कळले. ती एक पाय लांब करून खाली बसली, जात्याच्या तोंडात जोंधळ्यांची वैरण घातली, खुंटा धरला. क्षणभर जाते हलले नाही. मग ते फिरले.

तो आवाज हिंदुरावांनी लहानपणी अंथरुणात पडून ऐकलेला होता. तो पडवीतून बाहेर गेला, आळीतून गेला, आणि वरच्या सगळ्या पाण्याने तो उचलून धरला. मासे थांबले. उजेडाच्या जाळ्या भिंतींवर जिथल्या तिथे स्थिर झाल्या. अवघे गाव कान देऊन ऐकते आहे असे वाटले, आणि हिंदुरावांनी, का ते त्यांना समजले नाही, पायातल्या वहाणा काढल्या.

दळून संपले. सोनाक्काने पीठ खणात भरले, चिमूटभर जिभेवर ठेवले, मग आणखी एक चिमूट घेतली. आता हिंदुराव पुढे झाले. त्यांनी बाह्या सरसावल्या, पिकअपच्या हौद्याचे फाळके पाडले, जात्याची वरची तळी उचलून आत ठेवली आणि घाम पुसून खालच्या तळीला हात घातला. ती हलली. तिच्याखाली कोरड्या जमिनीचा एक वाटोळा ठसा उघडा पडला. सोनाक्का त्या ठशाकडे पाहत राहिली. मग तिने त्यावर तळहात टेकवला.

"ठेव जाग्यावर," ती म्हणाली.

"काय?"

"हुतं तसं ठेव. वरची तळी पण."

"आक्का, एवढ्यासाठी आलो ना?"

सोनाक्का उठली. गुडघ्यावर हात देऊन, भिंतीला धरून, ती पिकअपपर्यंत गेली आणि पुढच्या सीटवर बसली. तिने खणातले पीठ मांडीवर नीट ठेवले. मग तिने भावाकडे पाहिले, आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदा तिच्या बोलण्यात टोमणा नव्हता.

"पुढच्या खेपेला नेऊ," ती म्हणाली.

हिंदुरावांनी जाते जागेवर ठेवले. तळीवर तळी बसवली, खुंटा होता त्या बाजूला फिरवला. फाळके लावताना त्यांनी चाकांकडे पाहिले. नक्षीच्या फटीफटीत पांढरी भरली होती.

परतताना फाटकाशी वैराट साहेब उभेच होते. हिंदुरावांनी गाडी थांबवली आणि, साहेबांनी विचारले तेवढेच, नीट आठवून सांगितले. वेशीपर्यंत खडी उघडी पडली आहे. पाराजवळचे वळण अरुंद आहे. बाकी रस्ता चांगला. वैराट साहेबांनी मान डोलावली. त्यांचा हात खिडकीच्या कडेवर होता तो त्यांनी काढला नाही, तेव्हा सोनाक्काने खण उघडून चिमूटभर पीठ त्यांच्या तळहातावर ठेवले. धनगरवाड्यावर पिकअप पोहोचली तेव्हा दूध नुकतेच कॅनमध्ये ओतून झाले होते.

पुढे बाजारचा दिवस आला. हिंदुरावांनी पिकअप स्टँडच्या बाहेर नेहमीच्या जागी लावली. आक्का पुढे बसली होती, कनवटीला गाठ होती. बाकीचे वडापवाले आपापल्या गावांची नावे घेऊन सीट गोळा करत होते. हिंदुरावांनी घसा साफ केला. हे नाव या स्टँडवर कोणी कधी ओरडले नव्हते, कारण स्टँड झाले तेव्हा ते गाव उरले नव्हते. त्यांनी आवाज चांगला मोठा काढला.

"जुनी पांढरवळी," हिंदुराव म्हणाले. "जुनी पांढरवळी. सीट बसली की निघायचं."

बाजारात क्षणभर माणसे जागच्या जागी थांबली. मग एका म्हाताऱ्याने डोक्यावरची पाटी खाली उतरवली, पाठीमागे उभ्या असलेल्या म्हातारीला हात दिला, आणि ती दोघे हौद्यात चढून कडेला सरकून बसली. दुसऱ्यांना जागा हवी म्हणून.